खोली, ब्लॉक आणि बंगला : परळ-दादरच्या वस्त्यांतील बालपणाचा इतिहास

परळ, नायगाव आणि दादरची हिंदू कॉलनी या मुंबईतील तीन वस्त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की, चांगल्या चालीचा माणूस पाऊण तासात तिन्ही ओलांडून जाईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र यांपैकी कोणत्या वस्तीत मूल जन्मले त्यावर ते पहिला वाढदिवस पाहील की नाही, मराठी चौथीनंतर त्याचे शिक्षण पुढे चालेल की थांबेल आणि रात्री त्याला अभ्यासाला दिवा मिळेल की नाही, हे पुष्कळ अंशी ठरत असे. हा भेद पैशाचा होता यात शंका नाही. परंतु पैसा आपोआप वस्तीचे रूप घेत नाही. जमीन कोणाला द्यायची, किती मुदतीने आणि कोणत्या अटींवर द्यायची, एका बिऱ्हाडाला किती चौरस फूट पुरेत असे मानायचे, असे निर्णय कोणीतरी घेतलेले असतात आणि ते कागदोपत्री नोंदलेलेही असतात. श्रीमंत एकीकडे व गरीब दुसरीकडे ही जणू शहराची निसर्गरीतच आहे, अशा समजुतीने लिहिलेल्या मुंबईच्या वर्णनांत या निर्णयांचा मागमूस लागत नाही.

निसर्गरीत म्हणावी तर परळचाच इतिहास तिला पहिला छेद देतो. आज गिरण्यांच्या आठवणीशी जोडले गेलेले परळ हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे मुंबईच्या गव्हर्नरांच्या निवासाचे ठिकाण होते, आणि माझगाव, भायखळा, परळ या पट्ट्यात युरोपियन अधिकाऱ्यांचे व पारशी शेट्यांचे बागबगीच्यांचे बंगले होते. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली, आणि त्यानंतर सातच वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठीतील या पहिल्या मोठ्या शहरवर्णनाच्या काळात परळ अजून बंगल्यांचेच होते. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव, १८६५ ची मंदी आणि तिच्यातून सावरलेले भांडवल यांच्या जोरावर गिरण्या वाढत गेल्या. त्यांना मोकळी स्वस्त जमीन, तलावांचे पाणी आणि रेल्वेचे सान्निध्य हवे होते, व हे तिन्ही चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागात होते. धुराडी आली तसे बंगलेवाले हलू लागले. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये परळच्या निवासस्थानीच पटकीने वारल्या, आणि त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंटला गेले. ज्या वास्तूत दरबारी मेजवान्या होत तिच्यात १८९९ पासून हाफकिन यांची प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा चालू लागली. धनिकांनी मलबार हिल आणि खंबाला हिलवरची समुद्राची हवा घेतली, व त्यांनी सोडलेल्या जागा चाळींनी भरल्या.

चाळ म्हणजे एका लांब सज्जाला, मुंबईच्या भाषेत गॅलरीला, लागून एकापुढे एक काढलेल्या खोल्यांची इमारत. प्रत्येक खोलीत एका कोपऱ्याला मोरी, वर सरपण व ट्रंका ठेवायला माळा, आणि नळ व संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. या खोलीत नेहमी एकच कुटुंब राहत असे असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, कोल्हापूरकडून, आलेल्या गिरणीकामगारांत एकटे पुरुष पुष्कळ असत. एका गावचे लोक मिळून खोली घेत, तिला गावकीचा गाळा म्हणत, आणि दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर पडे. जेवण खाणावळवालीकडे. बायकामुले गावी राहत, सुगीला नवरा जाई, आणि मूल जरा मोठे झाले की मुंबईला येई ते पुष्कळदा शिकायला नव्हे, कामाला. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले; १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले व तास सात झाले; किमान वय बारा होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. कायद्याच्या या पायऱ्या उलट वाचल्या तर गिरणगावातील बालपणाची लांबी कळते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये ती मान्य करून घेतली, तेव्हा मोठ्यांबरोबर या मुलांनाही एक दिवस उजेडात काढायला मिळाला.

वस्त्यांचा नकाशा जाणीवपूर्वक आखण्याचे काम मात्र प्लेगने सुरू केले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या, आणि गिरणीमालक व सरकार या दोघांनाही दाट वस्ती ही व्यापाराला परवडणारी गोष्ट नाही, हे पटले. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) ही संस्था स्थापन झाली. गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या पाडणे, त्यांतून रुंद रस्ते काढणे, विस्थापितांसाठी चाळी बांधणे आणि बेटाच्या उत्तरेकडील शेते व खाजणे सपाट करून नवे भूखंड पाडणे, अशी चार कामे तिच्याकडे होती. त्यांपैकी पाडण्याचे काम सर्वांत झपाट्याने व बांधण्याचे सर्वांत सावकाश झाले, आणि घरे गमावलेल्यांतील बरेच लोक ट्रस्टच्या चाळींत न जाता शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरले. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला होता. साध्या शब्दांत त्याचा अर्थ असा की, इमारतीची उंची तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक असू नये, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसेल. नियम शास्त्रशुद्ध होता; पण मोकळी जागा सोडायची म्हणजे भाडे वाढायचे, आणि वाढलेले भाडे ज्याला परवडे त्यालाच तो आकाशाचा तुकडा मिळायचा.

या हिशेबाचे फळ म्हणजे दादर-माटुंग्याची नवी वस्ती. १८९९-१९०० च्या सुमारास मंजूर झालेल्या योजनांतून येथे झाडे लावलेले रस्ते, बागा आणि आखीव भूखंड तयार झाले व ते लांब मुदतीच्या पट्ट्याने, उंचीच्या आणि मोकळ्या जागेच्या अटी घालून देण्यात आले. एकट्या कारकुनाला असा भूखंड घेऊन इमारत बांधणे शक्य नव्हते. ती अडचण सहकाराने व धनिक बांधकामदारांनी दूर केली. सारस्वत समाजाने १९१५ मध्ये गावदेवीला, तेही ट्रस्टच्याच जमिनीवर, सहकारी गृहनिर्माण संस्था उभारून वाट दाखवली होती. पुढे दादरला ट्रस्टमधील अभियंता मंचेरजी जोशी यांनी पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि त्यांची पारशी कॉलनी झाली. तिला लागून हिंदू कॉलनी वसली. माटुंग्यात दक्षिण भारतीय कुटुंबे स्थिरावली. येथे घराचा नवा नमुना रूढ झाला. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास एकाच दाराच्या आत असलेल्या बिऱ्हाडाला मुंबईकर ब्लॉक म्हणू लागले, आणि 'आमचा ब्लॉक आहे' या वाक्यात पगार, जात, शिक्षण व मुलीच्या लग्नातील पत एवढे सगळे मावू लागले. संडास दाराआड आणणे ही उच्चवर्णीयांच्या शुचितेच्या कल्पनेला मोठी मुरड होती, आणि नव्या मध्यमवर्गाने ती फारशी खळखळ न करता घातली, याची जेवढी नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

कामगारांसाठी असाच मोठा संकल्प १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी सोडला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) हे खाते निघाले, कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसला, आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचे ठरले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी व सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. याच खात्याने त्याच वेळी बॅक बेमध्ये समुद्र हटवण्याचे काम काढले होते, आणि त्या भरावावर १९३० नंतर ओव्हलची व मरीन ड्राइव्हची गोलाईदार सज्जांची घरे उभी राहिली. एकाच खात्याच्या एका हाताने १६० चौरस फूट मोजून दिले आणि दुसऱ्या हाताने शहरातील सर्वांत महाग समुद्रकिनारा तयार केला. हे दुटप्पीपणाने झाले असे म्हणण्यापेक्षा, कोणत्या वर्गाला किती जागा लागते याबद्दल त्या खात्यातील कोणाच्याही मनात शंका नव्हती असे म्हणणे अधिक बरोबर होईल. वरळीच्या चाळी गिरण्यांपासून दूर पडल्या, भाडे कामगाराच्या हाताबाहेरचे ठरले, आणि कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतील काहींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला, यावरून त्या इमारतींच्या मांडणीबद्दल जे समजायचे ते समजते.

खोल्यांच्या संख्येचा बालपणाशी संबंध किती थेट होता हे आरोग्य खात्याच्या १९२१ च्या आकड्यांत दिसते. त्या वर्षी नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८ अर्भके दगावली; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा आकडा ३२२, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ होता. पहिला आकडा जसाच्या तसा घेणे धोक्याचे आहे. कामगारांच्या बायका पुष्कळदा बाळंतपणाला गावी जात, तिथे झालेला जन्म मुंबईच्या दप्तरात येत नसे, पण मूल घेऊन त्या परत आल्यावर ते दगावले तर तो मृत्यू मात्र येथेच नोंदला जाई. त्यामुळे भागाकार बिघडतो व प्रमाण फुगते. तरीही दोन, तीन आणि चार खोल्यांच्या आकड्यांतील उतरंड या एका त्रुटीने पुसली जात नाही. खोलीत धूर होता, ओल होती, हवा खेळत नव्हती, आणि बाळंतिणीला उठून लवकर कामावर जावे लागत होते. तान्ह्या मुलाने रडू नये, म्हणजे आईला पाळी चुकवावी लागू नये, म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल त्या काळच्या पाहण्यांत वारंवार नोंदलेली आढळते, आणि ती नोंदणाऱ्यांनी आयांना दोष दिला तितका गिरण्यांतील पाळणाघरांच्या अभावाला दिला नाही.

जगलेल्या मुलाची खरी वाट फुटत असे ती दहाव्या-अकराव्या वर्षी. त्या काळची शिक्षणाची रचना आज लक्षात आणून द्यावी लागते. मराठी चौथीपर्यंत प्राथमिक शाळा. तिच्यानंतर एक तर फी भरून इंग्रजी शाळेत जायचे, जिथे पुन्हा इंग्रजी पहिलीपासून मोजत मॅट्रिकपर्यंत सात इयत्ता होत्या, किंवा मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यायची, जिच्या बळावर प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शके. मुंबईत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १९२५ मध्ये सुरू झाले ते प्रथम एफ आणि जी या वॉर्डांत, म्हणजे नेमके परळ, शिवडी, दादर, माटुंगा, वरळी या पट्ट्यात. गिरणगावाला शहरातील इतर भागांआधी मिळालेली ही बहुधा एकमेव चांगली गोष्ट. परंतु सक्ती होती ती चौथीपर्यंतची. हिंदू कॉलनीतील मुलाला १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एज्युकेशन सोसायटीची किंग जॉर्ज शाळा दोन रस्त्यांपलीकडे होती, शिवाजी पार्कच्या बाजूला दादासाहेब रेगे यांनी १९४० मध्ये बालमोहन सुरू केली, आणि खुद्द पार्क १९२५ पासून सर्वांना खुले होते. नायगावच्या खोलीतील मुलाला किंग जॉर्ज शाळा अंतराने तितकीच जवळ होती, पण फी, पुस्तके, बूट आणि संध्याकाळी अभ्यासाला लागणारा कोपरा या गोष्टी अंतरात मोजल्या जात नाहीत. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा व वाचनालये चालवून ही पोकळी भरण्याचा प्रयत्न केला, आणि दिवसभर साच्यावर उभे राहिलेले कितीतरी तरुण रात्री तेथे येत.

चाळीतल्या मुलाचे घडणे शाळेइतकेच गॅलरीत होत असे, हे येथे सांगितले पाहिजे. भजनीमंडळ, व्यायामशाळा, गणपतीचा मांडव, संपाच्या सभा आणि शाहिरांचे पोवाडे हे सर्व दाराबाहेर होते व फुकट होते. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावरील आपल्या संशोधनात कामगारांचे राजकारण गिरणीच्या फाटकाआत जेवढे घडले तेवढेच वस्तीच्या रस्त्यांवर घडले, असे साधार दाखवले आहे. मुलांच्या बाबतीत हे विधान अधिकच लागू पडते. नारायण सुर्वे यांना सांभाळणारे गिरणीकामगार गंगाराम सुर्वे निवृत्त होऊन कोकणात गेले तेव्हा मुलगा मुंबईतच राहिला, आणि पुढे हमालीपासून शाळेतील शिपायाच्या कामापर्यंत सर्व करून तो शिक्षक व कवी झाला. अशी उदाहरणे चाळीच्या गौरवासाठी फार वापरली गेली आहेत. दाराबाहेरच्या त्या जगात मुलींना कितीसा वाटा होता, आणि सामुदायिक नळावर पहाटे पाण्याचा नंबर लावण्याचे काम कोणाकडे होते, हे विचारले की गौरवाचा सूर आपोआप खाली येतो.

वर्गाच्या आत जात होती. विणकाम खात्यात पगार अधिक. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, त्यामुळे विटाळाचे कारण सांगून सवर्ण विणकर दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत, आणि दलित कामगार कमी पगाराच्या कताई विभागातच राहत. म्हणजे शेजारच्या दोन खोल्यांत, एकाच भाड्यात, दोन वेगळी बालपणे वाढत होती. वर्ग आणि जात या दोन्ही भिंती ओलांडणारे सर्वांत ठळक चरित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. सुभेदार रामजी मुंबईत आले ते परळच्या डबक चाळीतील एका खोलीत. तेथे मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून तो लवकर झोपे, वडील जागत व रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून स्वतः आडवे होत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. शाळा मात्र एल्फिन्स्टन हायस्कूल, म्हणजे शहरातील नामांकित सरकारी शाळा, आणि तेथून १९०७ मध्ये मॅट्रिक. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे ते परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत राहिले, आणि कोलंबिया व लंडनच्या पदव्या घेऊन आल्यावरही तेथेच राहिले. १९३० नंतर हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, ते आधी ग्रंथसंग्रहासाठी आणि मग कुटुंबासाठी. बीआयटी चाळ आणि हिंदू कॉलनी ही दोन्ही एकाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची निर्मिती. दोन-तीन किलोमीटरचे ते अंतर कापायला देशातील अत्यंत उच्चशिक्षित माणसालाही वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

स्वातंत्र्यानंतर नकाशा गोठला तो भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या कायद्याने भाडी जागच्या जागी राहिली, पागडी देऊन खोल्या हातोहात फिरू लागल्या, आणि साच्यावरच्या बापाचा मुलगा बँकेत वा महापालिकेत कारकून झाला तरी त्याच खोलीत राहिला. त्यामुळे १९६०-७० च्या चाळीत उत्पन्नाचे अंतर वाढले असूनही पत्ता एकच होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्वपदावर आल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व एकतृतीयांश घरबांधणीसाठी मागितला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि परळ पुन्हा एकदा श्रीमंतांचे झाले. जुनी कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरारकडे गेली. बीडीडी चाळींच्या जागी म्हाडा बांधत असलेल्या मनोऱ्यांत जुन्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत असून वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या.

या सर्व स्थलांतराचा मुलांच्या बाजूने इतिहास लिहायचा तर मोठा आधार महापालिकेच्या मराठी शाळांतील जनरल रजिस्टरांचा आहे. मुलाचे नाव, जात, जन्मस्थान, आधीची शाळा, दाखल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण अशा त्यांतील रकान्यांवरून कोणत्या चाळीतले मूल कितव्या इयत्तेत गळाले हे वर्षवार मांडता येईल. पटसंख्येअभावी या शाळा एकामागून एक बंद होत आहेत किंवा दुसऱ्या शाळांत विलीन होत आहेत. महापालिकेने निदान एफ आणि जी वॉर्डांतील रजिस्टरे इमारती पाडण्याआधी एकत्र करून त्यांच्या प्रती पुराभिलेखागारात ठेवाव्यात, आणि ज्या माजी शिक्षकांना ती कुठे आहेत हे ठाऊक आहे त्यांनी ते आताच कळवावे.